बजेटच्या मध्यरात्री ड्युटी वाढते, संसद नंतर हो म्हणते: हे चालतं कसं?

बजेट झालं की या सदरात प्रश्नांचा पाऊस पडतो आणि यावेळी बरेचसे प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरताहेत, की संसदेनं अजून मंजुरीच दिलेली नसताना सरकार वाढीव कर घ्यायला सुरुवात कशी करतं. सगळे छापणं शक्य नाही, एकसारखे एकत्र केलेत.

प्रश्न: मॅडम, मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय. राज्यघटनेचं कलम २६५ सांगतं की कायद्याशिवाय कर बसवता येत नाही आणि वसूलही करता येत नाही. मग १ फेब्रुवारीला बजेट मांडलं आणि २ तारखेपासून कस्टम्स ड्युटी वाढली, असं कसं होतं? फायनान्स बिल, म्हणजे बजेटमधल्या करांच्या प्रस्तावांचं विधेयक, तर मार्चअखेर पास होतं. मधले दोन महिने बेकायदेशीर वसुली चालते का?

नाही, बेकायदेशीर नाही, कारण या मधल्या काळासाठी एक वेगळा कायदाच करून ठेवलेला आहे. मूळ कायदा १९३१ चा, म्हणजे इंग्रजांच्या काळातला, करांच्या तात्पुरत्या वसुलीचा कायदा, आणि तो थेट २०२३ पर्यंत चालला. डिसेंबर २०२३ मध्ये संसदेनं तो रद्द करून त्याच नावाचा नवा कायदा केला पण सांगाडा जवळपास तोच ठेवला. म्हणजे २६५ मध्ये जो 'कायद्याचा अधिकार' लागतो तो संसदेनं आधीच देऊन ठेवलाय, फक्त मर्यादित वस्तूंसाठी आणि मर्यादित दिवसांसाठी.

आता हे प्रत्यक्षात कसं होतं ते बघा. फायनान्स बिलाच्या शेवटी एक छोटंसं घोषणापत्र असतं, बजेटच्या भाषणात त्याचा उल्लेख क्वचितच येतो, पण सगळी जादू तिथं आहे. त्यात लिहिलेलं असतं की बिलातली अमुक अमुक कलमं सार्वजनिक हितासाठी ताबडतोब लागू व्हावीत. बस्स, एवढ्यानं काम होतं. ज्या दिवशी बिल लोकसभेत मांडलं तो दिवस संपला, म्हणजे रात्रीचे बारा वाजले, की ती कलमं कायद्यासारखी अमलात येतात.

पण ती कायमची नसतात. तीन प्रकारे त्यांचा हा तात्पुरता जीव संपतो. एक तर बिल पास होऊन खरा कायदा होतो, मग तात्पुरत्याची गरजच उरत नाही. किंवा संसद तसा ठराव करते आणि सरकार नोटिफिकेशन काढून ते थांबवतं. आणि यातलं काहीच झालं नाही तर बिल मांडल्यापासून ७५ वा दिवस संपला की ते आपोआप गळून पडतं, कुणी काही करायची गरज नाही. १ फेब्रुवारीला बिल मांडलं असेल तर हा ७५ वा दिवस १७ एप्रिलला येतो, लीप वर्ष असेल तर १६ एप्रिलला. सहसा एवढी वेळ येतच नाही, उदा. २०२५ च्या फायनान्स बिलावर राष्ट्रपतींची सही २९ मार्चलाच झाली होती.

परीक्षेसाठी आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवा कारण इथंच गोंधळ होतो. हा अधिकार फक्त कस्टम्स आणि एक्साइज ड्युटीपुरता आहे, इन्कम टॅक्सला लागू नाही. आणि तो फक्त नवीन ड्युटी बसवायला किंवा असलेली वाढवायला आहे. कमी करायची असेल तर या कायद्याची गरजच पडत नाही, ते साध्या सवलतीच्या नोटिफिकेशननं होतं. २३ जुलै २०२४ च्या बजेटमध्ये सोन्यावरची एकूण ड्युटी १५ टक्क्यांवरून ६ वर आली आणि दुसऱ्या दिवसापासून लागू झाली, ती त्या दुसऱ्या रस्त्यानं.

नवीन लेव्ही बसवल्याचं ताजं उदाहरण हवं असेल तर २०२१ चं बजेट बघा. शेती पायाभूत सुविधा उपकर त्या वर्षी आला, बिल १ फेब्रुवारीला मांडलं आणि हा उपकर याच घोषणेच्या जोरावर २ फेब्रुवारीपासून सुरू झाला, पेट्रोलवर लिटरला अडीच रुपये आणि डिझेलवर चार. पंपावर लोकांना फरक जाणवला नाही कारण त्याच वेळी दुसऱ्या एक्साइज तेवढ्याच कमी केल्या होत्या, पण कायद्याच्या नजरेनं एक संपूर्ण नवा कर संसदेच्या मतदानाआधीच वसूल व्हायला लागला होता.

प्रश्न: पण घाई कशासाठी? दोन महिने थांबलं तर सरकारचं असं काय बिघडतं?

बरंच बिघडतं, आणि फक्त सरकारचं नाही. आयात केलेला माल लगेच ड्युटी भरून सोडवावाच लागतो असं नाही, तो बॉन्डेड वेअरहाऊसमध्ये ड्युटी न भरता ठेवता येतो आणि लागेल तसा काढता येतो. समजा सरकारनं जाहीर केलं की दोन महिन्यांनी अमुक वस्तूवर १० ची २० टक्के ड्युटी होणार. ज्याच्याकडे पैसा आहे तो दुसऱ्या दिवशी सगळा साठा जुन्या दरानं सोडवून घेणार, वर आणखी मागवणार, आणि दोन महिन्यांनी नव्या भावानं विकणार. ग्राहक वाढीव पैसे देणार, तिजोरीत काहीच नाही, मधला फरक साठेबाजाच्या खिशात. ज्या छोट्या आयातदाराकडे एवढं भांडवल नाही तो मात्र नंतर पूर्ण ड्युटी भरत बसणार. म्हणून हा अधिकार असावा असं माझं ठाम मत आहे.

बजेटच्या गुप्ततेचं एवढं स्तोम असतं तेही याचसाठी. १९५० मध्ये आपल्याकडे बजेटमधली माहिती फुटली, तेव्हा त्याची छपाई राष्ट्रपती भवनातून मिंटो रोडच्या प्रेसमध्ये हलवली आणि १९८० पासून ती नॉर्थ ब्लॉकच्या तळघरात व्हायला लागली. ब्रिटनचे अर्थमंत्री ह्यू डाल्टन यांनी नोव्हेंबर १९४७ मध्ये सभागृहात जाता जाता एका पत्रकाराला बजेटमधल्या करांबद्दल सांगून टाकलं, ते भाषण पूर्ण व्हायच्या आत छापून आलं आणि त्यांना राजीनामा द्यावा लागला. हाँगकाँगमध्ये तर २००३ मध्ये अर्थसचिव अँटनी लिउंग यांनी जानेवारीत नवी गाडी घेतली आणि मार्चच्या बजेटमध्ये गाड्यांच्या नोंदणीवरचा कर स्वतःच वाढवला, त्यावरून एवढं रान उठलं की जुलैमध्ये त्यांना पद सोडावं लागलं. तिथंही आपल्यासारखाच कायदा आहे, विधिमंडळाच्या मंजुरीआधी कर लागू करणारा आदेश काढता येतो आणि तो चार महिने टिकतो. रातोरात कर बदलायची ताकद ज्याच्या हातात आहे त्याला तो बदल आधीपासून माहीत असतो, त्यामुळं ही प्रकरणं एवढी गंभीर मानली जातात आणि मानली पाहिजेत.

प्रश्न: मी इतिहास शिकवते. ही पद्धत ब्रिटिशांकडून आली असं तुम्ही मागे लिहिलं होतं, पण १६८९ च्या बिल ऑफ राइट्समध्ये संसदेच्या परवानगीशिवाय पैसा उभा करणं बेकायदेशीर ठरवलं होतं ना? मग त्यांच्याकडे ही पळवाट आली कशी?

छान प्रश्न आहे आणि याची गोष्ट मला स्वतःला फार आवडते, कारण ती एका हट्टी करदात्याची आहे.

बिल ऑफ राइट्स होतंच, पण तिथं वर्षानुवर्षं एक वहिवाट पडून गेली होती. बजेट मांडलं की हाउस ऑफ कॉमन्सच्या समितीनं कराचा ठराव करायचा आणि त्या ठरावावरच वसुली सुरू करायची, कायदा नंतर सावकाश. सगळ्यांना सोयीचं होतं म्हणून कुणी विचारलं नाही. थॉमस गिब्सन बोल्स नावाचे माजी खासदार होते, त्यांच्याकडे आयर्लंडच्या जमीनविषयक कर्जरोख्यांची गुंतवणूक होती आणि त्यावरचं व्याज बँक ऑफ इंग्लंडमार्फत मिळायचं. १९१२ मध्ये बँकेनं त्या व्याजातून इन्कम टॅक्स कापला, तेव्हा त्या वर्षीचा फायनान्स ॲक्ट झालेला नव्हता, नुसता समितीचा ठराव होता. बोल्स कोर्टात गेले, की ठराव म्हणजे कायदा नव्हे, माझे पैसे कापायचा तुम्हाला हक्क नाही.

नोव्हेंबर १९१२ मध्ये न्यायमूर्ती पार्कर यांनी त्यांच्या बाजूनं निकाल दिला. कितीही जुनी वहिवाट असली तरी समितीच्या ठरावानं कर बसत नाही, त्याला कायदाच लागतो. झालं, सरकारची पंचाईत, कारण आता दरवर्षी बजेट ते फायनान्स ॲक्ट या काळात वसुलीला आधारच उरला नाही. म्हणून १९१३ मध्ये त्यांनी करांच्या तात्पुरत्या वसुलीचा कायदा केला आणि जे वहिवाटीनं चाललं होतं त्याला मुदत आणि अटी घालून कायद्यात बसवलं. आज तिथं १९६८ चा कायदा आहे. आपला १९३१ चा कायदा त्याच घराण्यातला.

पण एक फरक वर्गात नक्की सांगा. ब्रिटनमध्ये सभागृहाला त्या ठरावावर मत द्यावं लागतं, मगच कर तात्पुरता लागू होतो, म्हणजे छोटी का होईना पण लोकप्रतिनिधींची संमती असते. आपल्याकडे बिल मांडलं आणि त्यात घोषणा जोडली की पुरे. बिल मांडायला सभागृहाची परवानगी लागते हे खरं, पण ती मांडण्याची परवानगी असते, त्या ड्युटीवरचं मत नसतं. नवा कायदा २०२३ मध्ये करतच होतो तर त्यात लोकसभेचा एक साधा ठराव घालायला हवा होता असं मला वाटतं, त्याच संध्याकाळी घेता आला असता, गुप्ततेलाही धक्का लागला नसता. ती संधी आपण घालवली.

प्रश्न: माझा आयातीचा छोटा धंदा आहे. बजेटच्या दिवशी सकाळी बिल ऑफ एन्ट्री (आयात मालाचं कस्टम्सला द्यायचं विवरणपत्र) फाइल केलं आणि माल दोन दिवसांनी सुटला, तर ड्युटी जुनी की नवी? शिवाय गिऱ्हाइकाशी भाव आधीच ठरलाय, वाढीव ड्युटी माझ्याच अंगावर का?

कस्टम्स कायद्याच्या कलम १५ प्रमाणे साधा नियम असा की ज्या तारखेला बिल ऑफ एन्ट्री सादर केलं त्या तारखेचा दर. माल कधी सुटला यानं फरक पडत नाही. पण जहाज यायच्या आधीच तुम्ही बिल ऑफ एन्ट्री टाकून ठेवलं असेल तर ते जहाजाच्या एंट्री इनवर्डच्या, म्हणजे कस्टम्सनं जहाजाला माल उतरवायची परवानगी दिल्याच्या, तारखेला सादर झालं असं धरलं जातं, त्यामुळं आगाऊ फाइल केलं म्हणजे जुना दर पक्का झाला असं समजू नका, इथं बरेच जण फसतात. आणि माल वेअरहाऊसमध्ये ठेवला असेल तर तो बाहेर काढण्यासाठी जे बिल ऑफ एन्ट्री टाकाल त्या दिवसाचा दर लागतो.

बजेटची घोषणा रात्री बारानंतर लागू होते म्हणून बजेटच्या दिवशी फाइल केलेल्यांना, जहाज किंवा विमान आधी आलेलं असेल तर, जुना दर मिळतो. खरी गंमत होते ती बजेटशिवायच्या वाढीत. पुलवामाचा हल्ला १४ फेब्रुवारी २०१९ ला झाला आणि १६ तारखेला केंद्र सरकारनं कस्टम्स टॅरिफ कायद्याच्या कलम ८अ खाली नोटिफिकेशन काढून पाकिस्तानातून येणाऱ्या सगळ्या मालावर २०० टक्के ड्युटी लावली. अटारीच्या कस्टम्स स्टेशनवर त्या दिवशी माल आलेला होता आणि आयातदारांनी बिल ऑफ एन्ट्री भरून दराचं सेल्फ असेसमेंट करून, म्हणजे ड्युटी स्वतःच मोजून, टाकलं होतं. नोटिफिकेशन ई-गॅझेटवर चढलं ते रात्री ८ वाजून ४६ मिनिटं ५८ सेकंदांनी. कस्टम्सचं म्हणणं, तारीख तीच आहे ना, मग २०० टक्के भरा. आयातदारांचं म्हणणं, आम्ही फाइल केलं तेव्हा हा दर अस्तित्वातच नव्हता.

पंजाब आणि हरियाणा हायकोर्टानं आयातदारांच्या बाजूनं निकाल दिला, सरकार सुप्रीम कोर्टात गेलं आणि सप्टेंबर २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानंही आयातदारांचंच म्हणणं मान्य केलं. गॅझेट आता इलेक्ट्रॉनिक आहे, ते कुठल्या सेकंदाला प्रसिद्ध झालं हे कळतं, मग तो दर त्या क्षणापासून पुढं लागू, त्या दिवशी आधी सादर झालेल्या कागदांना नाही. जी. एस. चठ्ठा राइस मिल्सचा खटला म्हणून हा ओळखला जातो, तुमच्या कस्टम्स ब्रोकरला तो माहीत असणारच. माझा सल्ला एवढाच की फाइल करतानाची वेळ दाखवणारी पावती, स्क्रीनशॉट, जे काय असेल ते जपून ठेवा, एका मिनिटावर लाखो रुपये अडकू शकतात.

आता गिऱ्हाइकाचं. १९३० च्या वस्तू विक्री कायद्यात कलम ६४अ आहे आणि व्यापाऱ्यांना ते माहीतच नसतं याचं मला दरवेळी वाईट वाटतं. करार झाल्यावर ड्युटी वाढली आणि करारात त्याबद्दल वेगळं काही ठरलेलं नसेल तर विक्रेता तेवढी रक्कम भावात वाढवून मागू शकतो. पण हे दोन्हीकडून आहे बरं का, ड्युटी कमी झाली तर गिऱ्हाईक तेवढे पैसे कापू शकतं. तुमच्या ऑर्डरवर 'भावात सर्व कर समाविष्ट, बदल होणार नाही' असं काही छापलंय का ते आधी बघा, असेल तर हे कलम मदतीला येणार नाही.

प्रश्न: समजा संसदेनं नंतर ती वाढ कमी केली किंवा नाकारली, तर आधी घेतलेले पैसे परत मिळतात का?

हो, आणि या कायद्यातला हाच भाग मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो. बिलात २० टक्के म्हटलं होतं आणि संसदेनं १५ वर आणलं तर जास्तीचे ५ परत करावे लागतात. ७५ दिवस उलटून गेले किंवा ठरावानं घोषणा थांबवली तर जेवढं जास्त घेतलं तेवढं सगळं परत. सरकारनं आधी घ्यायचं, पण संसदेचा शब्द शेवटचा, आणि शेवटचा शब्द वेगळा पडला तर हिशेब मागं जाऊन दुरुस्त करायचा.

मात्र हे पैसे ज्यानं ड्युटी भरली त्याला मिळायचे, तुम्हाआम्हाला दुकानात परत कुणी देत नाही. आणि आयातदारानं ती वाढ पुढं गिऱ्हाइकाकडून वसूल केली असेल तर? कस्टम्स रिफंडचा सर्वसाधारण नियम असा आहे की ड्युटीचा बोजा पुढं ढकलला असेल तर रिफंड त्याला न जाता ग्राहक कल्याण निधीत जातो, आणि बोजा ढकललाच असेल असं कायदा धरून चालतो, ढकलला नाही हे आयातदारानं सिद्ध करायचं. मफतलाल इंडस्ट्रीजच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठानं डिसेंबर १९९६ मध्ये हे तत्त्व उचलून धरलं. म्हणून बजेटनंतरचे दोन महिने तरी तुमच्या बिलांवर ड्युटी वेगळी दाखवा आणि भाव वाढवला की नाही याची नोंद ठेवा.

प्रश्न: इन्कम टॅक्सचे नवे स्लॅब पण असेच रात्रीतून लागू होतात का?

नाही. ते पुढच्या आर्थिक वर्षापासून असतात आणि तोवर फायनान्स ॲक्ट झालेला असतो. समजा नाहीच झाला तर १९६१ च्या इन्कम टॅक्स कायद्यात कलम २९४ होतं, की १ एप्रिलपर्यंत नवा कायदा झाला नसेल तर गेल्या वर्षीची तरतूद किंवा संसदेपुढं असलेल्या बिलातली तरतूद, यातली जी करदात्याच्या जास्त फायद्याची ती लागू. किती समंजस तरतूद आहे बघा, सरकारच्या उशिराचा त्रास माणसाला होऊ नये म्हणून.

अधिवेशन चालू नसताना घाई असेल तर वटहुकूम असतो. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांचा कर २२ टक्क्यांवर आणला तो वटहुकमानंच. त्यालाही संसद पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांची मुदत असते.

प्रश्न: हे सगळं बजेटचं झालं. पण मे २०२० मध्ये बजेट नव्हतं, संसद चालू नव्हती, तरी एका रात्रीत पेट्रोलची एक्साइज १० रुपयांनी आणि डिझेलची १३ रुपयांनी वाढली. ते कुठल्या ७५ दिवसांत बसतं?

कुठल्याच नाही, आणि तुम्ही बरोबर जागेवर बोट ठेवलंत. लोक बजेटच्या रात्रीच्या घोषणेवर चिडतात, पण तिला मुदत आहे, रिफंड आहे, संसदेचं मत येणारच आहे. खरी काळजी करण्यासारखी ताकद दुसरीकडे आहे आणि तिला घड्याळच नाही.

ती अशी चालते. संसद कायद्यात एक दर लिहून ठेवते, तो बऱ्याचदा खूप वरचा असतो. मग सरकार सवलतीचं नोटिफिकेशन काढून प्रत्यक्ष दर त्याच्या खाली ठेवतं. जेव्हा वाढवायचं तेव्हा सवलत थोडी काढून घ्यायची. कायद्याच्या भाषेत हा कर वाढवणं नसून सवलत कमी करणं झालं, त्यामुळं नवं बिल नको, घोषणा नको, मतदान नको. नोटिफिकेशन संसदेच्या टेबलावर ३० दिवस ठेवायचं असतं एवढंच, कुणी खासदारानं उठून बदल सुचवला आणि दोन्ही सभागृहांनी मान्य केला तरच फरक पडणार.

आता २०२० चा क्रम बघा. १४ मार्चला एक्साइज लिटरला ३ रुपयांनी वाढली आणि त्यात विशेष अतिरिक्त एक्साइज, जी एकूण एक्साइजचा फक्त एक भाग असते, कायद्यातल्या कमाल मर्यादेला टेकली, पेट्रोलवर १० आणि डिझेलवर ४ रुपये. २३ मार्चला, लॉकडाउनच्या तोंडावर, लोकसभेनं फायनान्स बिल चर्चेशिवाय पास केलं आणि त्यात ऐनवेळच्या दुरुस्तीनं ही मर्यादा १८ आणि १२ रुपयांवर नेली. त्या दिवशी पंपावर काहीच बदललं नाही म्हणून कुणाचं लक्ष गेलं नाही. सभागृह बेमुदत तहकूब झालं. आणि ५ मेच्या रात्री तुम्ही म्हणता ती वाढ आली, पेट्रोलवर एकूण एक्साइज ३२ रुपये ९८ पैसे झाली आणि डिझेलवर ३१ रुपये ८३ पैसे. कच्चं तेल तेव्हा जगभर कोसळलं होतं, त्या स्वस्ताईचा मोठा वाटा तिजोरीत गेला. महामारीत सरकारला पैसा लागत होता हे मी समजू शकते. पण मर्यादा वाढवताना कशासाठी वाढवतोय, किती वापरणार, कधीपर्यंत, यातला एकही प्रश्न सभागृहात विचारला गेला नाही, आणि मेमध्ये विचारायला सभागृहच नव्हतं.

पुढं नोव्हेंबर २०२१ मध्ये ५ आणि १० रुपये, मे २०२२ मध्ये ८ आणि ६ रुपये कमी झाले, तेही नोटिफिकेशननंच. कमी झालं की आपण खूश होतो आणि कुणाच्या मर्जीनं झालं हे विचारत नाही, पण वाढवायचा आणि उतरवायचा हात एकच आहे. १ जुलै २०२२ ला तेल कंपन्यांवर बसलेला विंडफॉल टॅक्स (अचानक झालेल्या जादा नफ्यावरचा कर) तर दर पंधरवड्याला बदलायचा, डिसेंबर २०२४ मध्ये तो काढला तोवर.

वर अटारीच्या प्रकरणात कलम ८अ आलं त्याचंही सांगते. तिथं निदान संसदेची मंजुरी लागते, नोटिफिकेशन सभागृहापुढं ठेवायचं, संसद बंद असेल तर भरल्यापासून सात दिवसांत ठेवायचं, आणि मग पंधरा दिवसांत मंजुरीचा ठराव मांडायचा. पण संसदेनं समजा ते फेटाळलं तरी तोपर्यंत घेतलेली ड्युटी वैध राहते, मागचं काही परत नाही. म्हणजे बजेटच्या घोषणेत संसदेचा नकार मागं जाऊन लागू होतो आणि इथं फक्त पुढं. सारख्याच प्रकारच्या दोन अधिकारांत हा फरक का असावा, याचं मला पटेल असं उत्तर आजवर मिळालेलं नाही. रिफंडची तरतूद ८अ ला पण लावायला काय हरकत आहे?

मर्यादा घालता येते, इतर देश घालतात. अमेरिकेच्या १९७४ च्या व्यापार कायद्यात एक कलम आहे, परकीय चलनाच्या ताळेबंदाचं संकट असेल तर राष्ट्राध्यक्ष आयातीवर जास्तीत जास्त १५ टक्के अधिभार लावू शकतात आणि तोही १५० दिवस, पुढं न्यायचा असेल तर काँग्रेसची मंजुरी हवी. आपल्याकडेही स्टीलवर एप्रिल २०२५ मध्ये लावलेली तात्पुरती सेफगार्ड ड्युटी (आयातीच्या लोंढ्यापासून देशी उद्योग वाचवायची) १२ टक्के आणि २०० दिवस अशी मोजून होती. मग पेट्रोलच्या नोटिफिकेशनला मुदत का नको? ठरावीक दिवसांत संसदेनं हो म्हटलं नाही तर जुना दर परत, एवढं साधं कलम पुरेल.

प्रश्न: जीएसटीचे दर तर संसद ठरवतच नाही, कौन्सिल ठरवते ना?

कौन्सिल शिफारस करते, दर सरकार नोटिफाय करतं, पण वरचं टोक कायद्यातच आहे. केंद्राच्या जीएसटीला २० टक्के कमाल आणि राज्याच्याला तेवढीच, मिळून ४०. सप्टेंबर २०२५ मध्ये जो ४० टक्क्यांचा वरचा स्लॅब आला तो बरोबर या टोकाला जाऊन टेकलाय, त्यामुळं त्याच्या वर जायचं झालं तर विधिमंडळात आणि संसदेत यावंच लागेल.

प्रश्न: खासदारांनी ७५ दिवसांत नीट तपासावं अशी अपेक्षा असते, पण ते खरंच तपासतात का? आणि आम्हा साध्या वाचकांना हे सगळं स्वतः बघायचं असेल तर कुठं बघायचं?

पहिल्याचं उत्तर देताना त्रास होतो. २०२३ चं फायनान्स बिल लोकसभेत गोंधळात, चर्चेशिवाय, ६४ दुरुस्त्यांसह पास झालं. राज्यसभेकडे मनी बिल (करासारख्या पैशांच्या विषयाचं, जसं हे फायनान्स बिल) गेलं तर ती फक्त शिफारशी करू शकते आणि त्यासाठी तिच्याकडे १४ दिवस असतात. तात्पुरता अधिकार आम्ही या विश्वासावर मान्य करतो की नंतर कुणीतरी ओळ न् ओळ वाचणार आहे. ते वाचणं झालंच नाही तर ७५ दिवसांचा उपयोग फक्त वाट बघण्यापुरता उरतो. तुमच्या खासदाराला पत्र लिहा, अमुक ड्युटीवर तुम्ही काय बोललात असं नाव घेऊन विचारा, मी दरवर्षी विचारते.

दुसऱ्याचं सोपं आहे. बजेटच्या साइटवर फायनान्स बिल असतं, ते उघडा आणि तात्पुरत्या वसुलीच्या कायद्याखालची घोषणा शोधा. तिथं ज्या कलमांचे नंबर असतील तीच मध्यरात्री लागू झाली, बाकीची नाहीत. ते नंबर घेऊन बिलात मागं जा आणि दर बघा. मग अप्रत्यक्ष कर मंडळाच्या साइटवर त्याच तारखेची कस्टम्स नोटिफिकेशन्स बघा, कारण बऱ्याचदा बिलात दर वाढवलेला असतो आणि त्याच दिवशी नोटिफिकेशननं तो खाली आणलेला असतो, दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय प्रत्यक्षात किती लागणार ते कळत नाही. ई-गॅझेटवर प्रसिद्धीची नोंद असते ती पण टिपून ठेवा. बिल पास झाल्यावर मंजूर झालेल्या ॲक्टमध्ये तेच दर पुन्हा तपासा, आणि कुठं फरक दिसला तर या सदराकडे कळवा, तो रिफंडचा विषय असू शकतो आणि त्यावर पुढच्या अंकात लिहायला मला आवडेल.